पुरात साथ देणारे वल्हे : निवड आणि निगा

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढात कोसळणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. पश्चिम उतारावरचे पाणी गोव्याच्या नद्यांतून लवकरच अरबी समुद्राला मिळते. पूर्व उतारावरचे पाणी दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जाते. बेळगाव जिल्ह्याला या दोन्ही प्रवाहांचा सहवास लाभला आहे. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई गोव्यात येऊन मांडवी होते, तर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, चिकोडी तालुक्यातील सदलगा गावाजवळून, दूधगंगा कृष्णेच्या भेटीला जाते. आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव म्हणून सदलगा देशभरातील जैन समाजाला परिचित आहे. उसाच्या या टापूला दूधगंगेने समृद्धी दिली आणि तिच्यासोबत पुराची धास्तीही दिली.

चिकोडी व निपाणी हे कर्नाटकातील तालुके आणि नदीपलीकडचा महाराष्ट्रातील शिरोळ तालुका मिळून जो सीमाभाग होतो, तेथे पावसाळ्यात एक गोष्ट जवळजवळ दरवर्षी घडते. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा या नद्यांवरील कमी उंचीचे पूल-बंधारे पाण्याखाली जातात. मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर ही नावे जुलै महिन्यात वृत्तपत्रांच्या वाचकांना पाठ होतात. एरवी दहा मिनिटांवर असलेले पलीकडचे गाव मोठ्या वळशाचे होते. नदीकाठच्या मोटारी वर काढाव्या लागतात, जनावरे हलवावी लागतात, मळ्यातील वस्तीवर अडकलेल्यांना आणावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत तर कृष्णाकाठच्या अनेक गावांत रस्त्यांची जागा नावेने घेतली होती.

नाव म्हटली की आज डोळ्यांसमोर यंत्राची बोट येते. परंतु पुराचे पाणी उभ्या उसात, द्राक्षांच्या किंवा भाजीच्या मांडवात, तारेच्या कुंपणांवर पसरलेले असते. बोटीच्या पंख्यात उसाची पाने, वेली, चिंध्या किंवा तार गुंतली की यंत्र बंद पडते आणि बोट प्रवाहाच्या स्वाधीन होते. त्या क्षणी नावेत वल्हे आहे की नाही, आणि असल्यास ते ताण सोसण्याजोगे आहे की नाही, यावर नावेतल्या माणसांचे भवितव्य ठरू शकते. गोव्यातही परिस्थिती फार वेगळी नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या यांत्रिक मासेमारीबंदीच्या काळात खाडीत आणि नदीत हाताने वल्हवल्या जाणाऱ्या लहान होड्यांचाच वावर अधिक असतो. म्हणून लाकडी वल्हे कसे निवडावे आणि ते वर्षानुवर्षे कसे टिकवावे, हा विषय दोन्हीकडच्या नदीकाठाला सारखाच जवळचा आहे.

एक नाव, दोन साधने

मराठीत वल्हे, कोकणीत वल्लें, कानडीत हुट्टु. शब्द एकच असला तरी त्याखाली दोन वेगळी साधने मोडतात. पहिले हातवल्हे. ते दोन्ही हातांत मोकळे धरले जाते. वरचा हात मुठीवर आणि खालचा हात दांड्यावर असतो. वल्हवणारा नावेच्या पुढच्या दिशेला तोंड करून बसतो किंवा उभा राहतो. दुसरे टेकूचे वल्हे. ते नावेच्या काठावरील खुंट्याला किंवा दोरीच्या फासाला टेकलेले असते, आणि वल्हवणारा बहुधा नावेच्या मागच्या दिशेला तोंड करून पाठीच्या बळाने ते ओढतो. हातवल्ह्यात सारा भार हातांवर येतो, म्हणून ते हलके हवे. टेकूच्या वल्ह्याचा भार काठावर पडतो, म्हणून ते लांब आणि थोडे जड असले तरी चालते.

याशिवाय एक तिसरे रूप आहे : नावेच्या मागील टोकाशी धरलेले लांब वल्हे, जे पुढे ढकलण्यापेक्षा दिशा देण्याचे काम करते. भारतातील जुन्या शिडाच्या जहाजांना आजच्यासारखे बिजागरीवर फिरणारे सुकाणू नव्हते. बाजूला बांधलेली मोठी वल्हीच सुकाणूचे काम करीत. गोव्यात होडी इनोव्हेशन्स या संस्थेने भारतीय नौदलासाठी दोरीने फळ्या शिवून बांधलेल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या जहाजावर अशीच सुकाणूची वल्ही बसविलेली आहेत. नदीवरचा नावाडी नावेच्या मागे उभा राहून जे लांब वल्हे चालवतो, ते याच कुळातले.

सीमाभागातील आणखी एका साधनाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. गुऱ्हाळात रस आटवण्यासाठी वापरली जाणारी लोखंडी काहील पुराच्या वेळी नदी ओलांडण्यासाठी पाण्यात टाकण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. काहील गोल असल्यामुळे तिला पुढचे-मागचे टोक नसते. बाजूने वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. म्हणून काहील चालवणारा जायच्या दिशेला वल्हे पुढे टाकून पाणी आपल्याकडे ओढतो. त्यासाठी रुंद पात्याचे, मध्यम लांबीचे हातवल्हे लागते. तथापि काहिलीचा काठ पाण्यापासून फार उंच नसतो आणि एका बाजूला वजन झुकले तर ती पाणी घेते. वेगवान प्रवाहात तिचा आधार घेणे जिवावर बेतू शकते, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

लांबी कशी ठरवावी

वल्हे विकत घेताना किंवा सुताराकडून करून घेताना पहिली चूक लांबीत होते. ‘लांब तितके चांगले’ हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात वल्ह्याचे पाते पूर्ण बुडावे आणि त्या वेळी वरचा हात खांद्याच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीच्या वर जाऊ नये, इतकीच लांबी लागते. त्याहून लांब वल्ह्याने वरचा हात डोक्याच्या वर जातो, खांदा दुखावतो आणि वारा असेल तर नाव सांभाळणे अवघड होते. त्याहून आखूड असले तर प्रत्येक वेळी काठावरून ओणवे व्हावे लागते आणि नाव कलते.

बसून चालवण्याच्या हातवल्ह्यासाठी एक सोपे माप आहे. सपाट फळीवर ताठ बसावे आणि फळीपासून नाकापर्यंतचे अंतर मोजावे. मुठीपासून पाते सुरू होते तिथपर्यंतचा दांडा साधारण तेवढा असावा. पाते त्याखाली वेगळे मोजावे. मध्यम उंचीच्या प्रौढ माणसासाठी पात्यासह एकूण लांबी बहुधा १२५ ते १५० सेंटिमीटर, म्हणजे चार ते पाच फूट भरते. हे माप पाण्याजवळ बसायची जागा असलेल्या हलक्या होडीसाठी आहे. नदीवरील फळ्यांच्या नावेचा काठ उंच असतो; तेथे जितकी उंची जास्त, तितकी दांड्यात भर घालावी.

उभ्याने चालवण्यासाठी वल्हे चालवणाऱ्याच्या उंचीपेक्षा सुमारे एक वीत लांब असावे आणि काठाच्या उंचीप्रमाणे त्यात वाढ करावी. म्हणूनच नावाड्याची वल्ही पाहणाऱ्याला अवाढव्य वाटतात. ती तशी असण्यामागे नावेची उंची आणि उभे राहण्याची पद्धत ही दोन कारणे आहेत.

टेकूच्या वल्ह्यांची जोडी असेल तर हिशेब वेगळा. नावेच्या दोन्ही काठांवरील खुंट्यांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे आणि त्यात सुमारे पाच सेंटिमीटर मिळवावेत. हा झाला वल्ह्याचा नावेच्या आतला भाग. आतला आणि बाहेरचा भाग यांचे प्रमाण ७ : १८ असे ठेवले तर ओढ सुसह्य राहते. उदाहरणार्थ, खुंट्यांमधले अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर आतला भाग ६५ सेंटिमीटर आणि संपूर्ण वल्हे सुमारे २३२ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात फुटांहून थोडे अधिक होईल. हे प्रमाण म्हणजे तरफेचेच गणित आहे. बाहेरचा भाग वाढवला तर पाते अधिक अंतर कापते, पण हातांना अधिक जोर लावावा लागतो.

लाकडाची पारख

वल्ह्याच्या लाकडाकडून तीन अपेक्षा असतात : ते हलके असावे, वाकून पुन्हा सरळ व्हावे आणि पाण्यात लवकर कुजू नये. या तिन्ही गुणांची एकत्र भेट क्वचित होते.

सागाचे लाकूड नैसर्गिक तेलामुळे पाण्याला आणि वाळवीला चांगली दाद देत नाही, आणि वाळल्यावर फारसे पिळत नाही. किंमत ही त्याची अडचण आहे. आंब्याचे लाकूड गोवा-कोकणात होड्या कोरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ते सहज मिळते, पण ओलाव्यात लवकर कुजते आणि त्याला कीड लागते. त्यामुळे आंब्याच्या वल्ह्याला रंगरोगणाची निगा अधिक लागते. फणसाचे लाकूड त्याहून टिकाऊ. बाभूळ हे पठारावरचे हुकमी लाकूड : औताची अवजारे, गाडीचे भाग यांसाठी तिचा लौकिक मोठा. तिची चिवटता वल्ह्यालाही उपयोगी पडते, परंतु ती जड असते आणि सरळ लांब सोट मिळणे कठीण जाते. पश्चिम घाटातील पून जातीची उंच, सरळ झाडे एके काळी जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी नावाजलेली होती. लांब दांड्याला सरळ वाढलेले झाडच का हवे, हे त्यावरून समजते.

नावेला तळाशी काठी टेकवून ढकलायचे असेल तर बांबूला तोड नाही. कोकण-गोव्यात मिळणारा, जवळजवळ भरीव असा माणगा त्यासाठी उत्तम. बांबूच्या दांड्याला लाकडी पाते बांधूनही कामचलाऊ वल्हे तयार होते. मात्र जोडाची दोरी प्रत्येक मोसमात बदलली पाहिजे.

वजन किती महत्त्वाचे, हे साध्या हिशेबाने ध्यानात येईल. हातवल्हे मिनिटाला ३० वेळा उचलले जाते असे धरले, तर तासाला ते १,८०० वेळा उचलले जाते. वल्हे २०० ग्रॅमने जड असेल, तर वल्हवणाऱ्याने तासाभरात ३६० किलो वजन विनाकारण उचललेले असते. दमलेला हात चुका करतो, आणि पुरात चुकीला वाव नसतो.

दांडा जाड करून बळकटी मिळवण्याचा मोह सुताराला होतो. त्याचेही गणित जाणून घ्यावे. गोल दांड्याचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर वजन सुमारे २१ टक्क्यांनी वाढते, मोडण्यास होणारा विरोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे थोडीशी जाडी पुष्कळ बळ देते. मनगटाएवढा दांडा करण्याची गरज नसते. दांडा किंचित लंबगोल ठेवून त्याची मोठी बाजू ओढीच्या दिशेला ठेवली, तर वजन न वाढवता बळ मिळते आणि अंधारातही पाते कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळते.

लाकडाच्या जातीइतकीच त्याच्या रेषांची दिशा महत्त्वाची आहे. चांगल्या दांड्यात रेषा मुठीपासून पात्यापर्यंत सलग धावतात. त्या तिरक्या होऊन दांड्याच्या बाजूने बाहेर पडत असतील, तर त्याच ठिकाणी वल्हे मोडेल असे खुशाल समजावे. दांडा जेथे पात्याला मिळतो त्या मानेवर सर्वांत मोठा ताण येतो; तेथे गाठ असलेले वल्हे कितीही सुबक असले तरी नाकारावे. झाडाच्या अगदी मध्यातला गाभा दांड्यात आलेला असेल, तर वाळताना तो फाटतो. बाहेरचा पांढरा भाग लवकर कुजतो, म्हणून तोही शक्यतो टाळावा.

लाकूड वाळलेले असणे ही अखेरची अट. हवेवर वाळवण्याचा जुना अंदाज असा की फळीच्या दर इंच जाडीला एक वर्ष द्यावे. ओल्या लाकडाचे वल्हे केले तर ते वाळताना आडव्या दिशेने आकुंचन पावते. झाडाच्या वर्तुळांच्या कडेने होणारे हे आकुंचन गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या जवळजवळ दुप्पट असते. या असमानतेमुळेच पाते पिळते आणि दांडा वाकतो.

दुकानात किंवा सुताराच्या दारात

वल्हे हाती आले की चार परीक्षा कराव्यात. पहिली नजरेची : मुठीकडून एक डोळा मिटून पात्याकडे पाहावे, दांडा सरळ आणि पाते त्याच्या रेषेत हवे. दुसरी आवाजाची : मूठ सैल धरून दांड्यावर बोटाच्या पेराने ठोकावे. निरोगी लाकूड स्वच्छ वाजते. भेग किंवा कूज असेल तर आवाज बद्द येतो. तिसरी वाकण्याची : पात्याचे टोक मऊ जमिनीवर टेकवून मधल्या भागावर तळहाताने हळूहळू दाब द्यावा. दांडा थोडा वाकून लगेच सरळ झाला पाहिजे. करकर ऐकू आली तर वल्हे परत करावे. चौथी तोलाची : हातवल्हे एका बोटावर तोलून पाहावे. तोलाचा बिंदू पात्याच्या मानेजवळ, दांड्याच्या खालच्या भागात असेल तर ते हाताला हलके वाटते. तो पात्यात असेल, तर पाते गरजेपेक्षा जाड राहिले आहे.

पात्याचा आकार पाण्यावर अवलंबून असतो. खोल, संथ पाण्यात लांब व अरुंद पाते कमी श्रमात आणि कमी आवाजात चालते. उथळ पाण्यात आणि जिथे एकाच फटक्यात नाव वळवावी लागते तिथे आखूड व रुंद पाते सोयीचे. पात्याची कड पातळ हवी, पण सुरीसारखी नको; दगडावर आपटल्यास पातळ कड आधी चिरते.

लेप : तेल, रोगण आणि काजूचे टरफल

लाकडाचे तीन शत्रू आहेत. पाणी त्याला फुगवते, ऊन त्याच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य विरवते आणि बुरशी त्याला खाते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की कूज सुरू होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. उन्हात पडून राखाडी झालेले वल्हे वृद्ध नसते, ते उपेक्षित असते.

जवसाचे तेल हा सर्वांत जुना आणि सोपा उपाय. कच्चे तेल फार हळू वाळते; उकळलेले तेल लवकर वाळते. कोरड्या वल्ह्याला कापडाने पातळ थर लावावा, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून काढावे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा लावावे. असे तीन-चार थर पुरेत. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यातील चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकून द्याव्यात.

रोगण अधिक काळ टिकते. घरातील फर्निचरसाठी असलेले रोगण ताठ असते व उन्हाने तडकते. जहाजांसाठी आणि बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे रोगण लवचीक असते आणि त्यात ऊन अडवणारी द्रव्ये असतात. बारीक कागदाने लाकूड घासून, धूळ पुसून तीन ते पाच पातळ थर द्यावेत; दोन थरांमध्ये आधीचा थर पूर्ण वाळू द्यावा आणि हलके घासावे. साग तेलकट असल्यामुळे त्यावर रोगण नीट धरत नाही. त्यासाठी आधी थिनरने पृष्ठभाग पुसून लगेच पहिला थर द्यावा. दमट हवेत, पावसाच्या दिवशी रोगण लावू नये. ते दुधाळ होते. गोव्यात आणि सीमाभागातही या कामासाठी मार्च-एप्रिलचे दिवस उत्तम.

मुठीला आणि खालचा हात धरतो त्या भागाला रोगण देण्याचे टाळावे. रोगणाचा गुळगुळीत थर घामाने चिकट होतो आणि तळहाताला फोड येतात. तेथे तेल पुरे.

कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची प्रथा आहे. हे तेल पाणी आणि कीड यांना रोखते. परंतु ते त्वचेला भाजते, हे काजू भाजणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. वल्ह्याच्या पात्याला ते लावायचे असल्यास हातमोजे घालावेत, पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये, आणि मुठीला किंवा दांड्याच्या धरण्याच्या भागाला ते मुळीच लावू नये.

पात्याचे टोक सर्वांत आधी झिजते, कारण तेथे तंतूंची उघडी तोंडे पाणी शोषतात. त्या टोकाला रोगणाचे किंवा इपॉक्सीचे दोन थर अधिक द्यावेत. अनेक जण टोकाला पत्रा ठोकतात. पत्रा लोखंडी असेल तर तो गंजतो, खिळ्याभोवती लाकूड काळे पडते आणि तेथूनच चीर सुरू होते. पत्रा हवाच असेल तर तांब्याचा, तांब्याच्याच बारीक खिळ्यांनी आणि आधी भोके पाडून बसवावा. टेकूच्या वल्ह्याला खुंट्याशी घासणाऱ्या जागी चामड्याची पट्टी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. ती झिजली की बदलता येते, दांडा बदलावा लागत नाही.

मोसम संपल्यावर

नदी ओसरली की वल्हे विसरले जाते, आणि बहुतेक वल्ही पाण्यात न मोडता याच काळात बिघडतात. काम संपल्यावर वल्हे गोड्या पाण्याने धुवावे. गोव्याच्या खाऱ्या पाण्यात वापरलेले तर अवश्य. मीठ ओलावा ओढून घेते, त्यामुळे लाकूड कधी पुरते वाळत नाही. नंतर सावलीत, वाऱ्यावर वाळवावे.

भिंतीला तिरके टेकवून महिनोन्‌महिने ठेवलेले वल्हे स्वतःच्याच वजनाने वाकते. ते दोन-तीन खुंट्यांवर आडवे ठेवावे किंवा मुठीला दोरी बांधून सरळ टांगावे. जमिनीला टेकू देऊ नये. वाळवीला वाट मिळते. गोठ्यातील आढ्याखाली, हवा खेळती असेल तिथे, ते चांगले राहते. चुलीच्या वर किंवा पत्र्याच्या छताला लागून ठेवले तर अति कोरडेपणाने भेगा पडतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळले तर आत घाम धरून बुरशी येते. वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, एकदा सर्व वल्ही खाली काढून पाहावीत. नखाने दाबून पाहिल्यावर लाकूड मऊ लागले, तर आत कूज आहे.

पात्याला लहान चीर पडली असेल तर ती वाळवून, आत पाण्याने न सुटणारा गोंद किंवा इपॉक्सी भरून, शिकंजात धरून ठेवावी आणि वरून बारीक सुताने आवळून बांधावी. मोडलेला दांडा जोडायचाच असेल तर दोन्ही टोके लांब तिरकी तासावी लागतात. दांड्याच्या जाडीच्या किमान आठपट लांबीचा तिरका जोड असेल तरच तो ताण सोसतो. असे वल्हे संथ पाण्यात सरावाला ठेवावे. पुराच्या कामाला ते नेऊ नये.

जीव राखणारी शिस्त

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून १७ जणांचा बळी गेला. संपूर्ण कृष्णाकाठ त्या घटनेने हादरला. नावेत माणसे वाढली की तिचा काठ पाण्याजवळ येतो. मग वल्हे कितीही चांगले असले तरी वल्हवणाऱ्याला हात हलवायला जागा राहत नाही आणि किंचित कलण्यानेही पाणी आत येते. म्हणून वल्ह्याची चर्चा नावेच्या क्षमतेपासून आणि जीवरक्षक जॅकेटपासून वेगळी करता येत नाही.

नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, मंडळाने आणि बचाव पथकाने पावसाळ्यापूर्वी काही गोष्टी तपासून ठेवाव्यात. यंत्राच्या बोटीतही किमान दोन वल्ही असावीत आणि मोडल्यास वापरायला एक जादा. प्रत्येक वल्ह्याच्या पात्याला पिवळा किंवा नारिंगी पट्टा असावा, म्हणजे गढूळ पाण्यात पडलेले वल्हे दिसते. वल्हे नावेत आडवे बांधलेले असावे, पण गाठ एका ओढीत सुटणारी हवी. ते माणसाच्या मनगटाला कधीही बांधू नये, कारण झाडात अडकले तर तेच माणसाला पाण्याखाली ओढते. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र बंद करून फक्त वल्ह्यांवर नाव काठाला आणण्याचा सराव संथ पाण्यात आधीच झालेला असावा.

सांगली परिसरात कृष्णेत होणाऱ्या होड्यांच्या शर्यतींकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. तिथे एका लयीत वल्हे मारायला शिकलेले तरुण गावासाठी संकटकाळी उपयोगी पडणारे मनुष्यबळ असते. सदलगा, बोरगाव, दत्तवाड, येडूर अशा दूधगंगा-कृष्णाकाठच्या गावांनीही लहान प्रमाणावर असा सराव सुरू केला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

कानडी मुलखात बाराव्या शतकात अंबिगर चौडय्या नावाचे शरण होऊन गेले. वचनकार म्हणून त्यांची ख्याती आहे आणि त्यांच्या नावातील ‘अंबिगर’ या शब्दाचा अर्थ नावाडी. २१ जानेवारीला कर्नाटकात त्यांची जयंती साजरी होते. नाव चालवणाऱ्या माणसाला समाजात काय मान होता, हे त्या एका नावावरून कळते. आज फायबरच्या होड्या आणि प्लास्टिकची वल्ही आली आहेत. ती हलकी आहेत, कुजत नाहीत आणि त्यांना तेल लागत नाही. परंतु ती गावात दुरुस्त होत नाहीत आणि पुराने रस्ते तुटल्यावर बाजारातून आणताही येत नाहीत. लाकडाचे वल्हे गावचा सुतार एका दिवसात करू शकतो, मात्र वाळलेली, सरळ रेषांची फळी त्याच्याकडे आधीपासून पडून असली पाहिजे. दूधगंगेच्या आणि मांडवीच्या काठावरील गावांनी पुढील पावसाळ्याची तयारी त्या फळीपासून सुरू करावी.